खरूज : खाजवतं आपलंच शरीर

कळंबोली-तळोज्याकडे एकेका खोलीत दाटीवाटीने राहणारे कामगार असोत, नाहीतर वसतिगृहातली मुलं. खरूज झाली की ‘आंघोळ करत नसेल’ हा शेरा ठरलेला. तो अन्यायाचा आहे. खरूज पसरते बराच वेळ अंगाला अंग लागून. त्वचेत बीळ करून बसलेली, खरजेच्या किड्याची जेमतेम ०.४ मिलिमीटरची मादी साबणाने निघत नाही. शेऱ्याच्या भीतीने माणूस दुखणं लपवतो आणि ते घरभर होतं.

गैरसमज : किडा चावतो, म्हणून खाज सुटते.
साध्या खरजेत अंगावर किडे असतात साधारण १० ते १५. तरी सगळं अंग खाजतं, कारण किड्याची लाळ, विष्ठा, अंडी ओळखून आपल्याच रोगप्रतिकारक पेशी सायटोकाइन नावाची निरोप देणारी प्रथिनं सोडतात. त्यांतली इंटरल्यूकिन-४, १३ आणि ३१ त्वचेतल्या मज्जातंतूंना चेतवतात. ही ओळख पटायला पहिल्या खेपेला ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर खाज नसते, पण लागण मात्र पुढे जाते. म्हणून खाज नसलेल्यांसकट घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी औषध लावायचं.

गैरसमज : खाज थांबली, खरूज गेली.
स्टेरॉइड मिसळलेलं मलम हे निरोपच दाबतं. खाज शमते, किडे वाढत राहतात. स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा केंद्र सरकारचा नियम २०१८ पासून आहे; तरी ती सर्रास मिळतात, याची चीड येते.

गैरसमज : प्रतिकारशक्ती वाढवली की पुरे.
१८४८ मध्ये नॉर्वेत डॅनिएलसन आणि बोक यांनी कुष्ठरुग्णांमध्ये खपल्यांची खरूज नोंदवली. तिच्यात किडे हजारो-लाखो असतात. इंटरल्यूकिन-४ आणि १३ भरपूर असूनही किडे मरत नाहीत. निरोप जोरात असतो, पण चुकीचा. शिवाय कुष्ठरोगाने संवेदना गेलेल्या हाताला खाजही कळत नाही. पनवेलजवळ नेऱ्याच्या शांतिवनात कुष्ठरुग्णांसोबत वावरलेल्यांना अशा हातांची काळजी सांगायला नको.

आणि औषधानंतरही खाज राहिली, तर लगेच ‘गुण आला नाही’ म्हणू नका. पर्मेथ्रिन या खरजेच्या औषधाने किडे मेले, तरी त्यांचे अवशेष त्वचेत असेपर्यंत निरोप चालूच राहतात. खाज २ ते ४ आठवडे टिकू शकते. मनाने पुन्हापुन्हा मलम थापू नका. त्यापुढेही खाजलं किंवा नवे फोड दिसले, तर डॉक्टरांना दाखवा.