तीन गोळ्या आणि सकाळचा चहा

भातकुली तालुक्यातली गरोदर बाई महिन्याच्या ९ तारखेच्या तपासणीहून घरी येते, तेव्हा तिच्या पिशवीत रक्तवाढीच्या लाल गोळ्या असतात. चौथा महिना लागला की कॅल्शियमच्या गोळ्याही येतात. रक्ततपासणीत टीएसएच, म्हणजे थायरॉइड कमी पडत असल्याची खूण, वाढलेला निघाला असेल तर थायरॉइडची गोळी वेगळीच. विसरायला नको म्हणून ती तिन्ही गोळ्या सकाळी एकदमच घेते, वर चहा. काळजी वाटावी ती याच नेमाची.

थायरॉइडच्या गोळीतलं औषध लेव्होथायरॉक्सिन. ते मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. ५० मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा वीस हजारावा भाग. रिकाम्या पोटी घेतलं तरी त्यातलं ६० ते ८० टक्केच लहान आतड्यातून रक्तात उतरतं. त्याच वेळी पोटात लोह किंवा कॅल्शियम आलं की ते या औषधाला धरून बसतं आणि गोळीचा बराच भाग वाया जातो. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १४ रुग्णांना थायरॉइडच्या गोळीसोबतच लोहाची गोळी दिली गेली. १२ आठवड्यांत त्यांचा सरासरी टीएसएच १.६ वरून ५.४ वर गेला. थायरॉइडच्या गोळीचा डोस तोच होता.

गरोदरपणात हे अंगाशी येतं. पहिले तीन महिने बाळाला थायरॉइडचं संप्रेरक आईकडूनच मिळतं, त्याच्या मेंदूची जडणघडण त्यावर अवलंबून असते, आणि आईची गरज पाव ते निम्म्याने वाढलेली असते.

उपाय मात्र बिनखर्चाचा आहे. थायरॉइडची गोळी उठल्याबरोबर साध्या पाण्यासोबत घ्यावी. चहा-नाश्ता अर्ध्या ते एका तासाने. दूध आणि कॉफी दोन्ही शोषण कमी करतात. कॅल्शियम दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणासोबत. लोह रात्री झोपताना, जेवणानंतर दोन तासांनी, कारण लोह आणि कॅल्शियम यांचंही आपसात जमत नाही. थायरॉइडच्या गोळीपासून ही दोन्ही चार तास लांब असली म्हणजे झालं. आशाताईंनी प्रत्येक गोळीच्या पाकिटावर वेळ लिहून दिली, तरी अर्धं काम होईल.

‘गॅसची गोळी’ हा प्रकार जरा वेगळा. पँटोप्राझोलसारखी औषधं पोटातलं आम्ल दिवसभर कमी ठेवतात आणि थायरॉइडची गोळी नीट विरघळायला ते आम्ल लागतं. इथे वेळ बदलून भागत नाही. वऱ्हाडात गॅसची गोळी कित्येक जण विचारल्याशिवाय, वर्षानुवर्षं सकाळी घेतात. त्यांनी डॉक्टरांना ते सांगायलाच हवं.

आणि सोयाबीन? भातकुलीच्या शेतकऱ्याला हा प्रश्न पडणारच. थायरॉइडच्या गोळीला अडचण सोयाच्या प्रथिनाची आहे, म्हणजे सोयावडी किंवा सोयापीठ घातलेली पोळी. रिफाइंड तेलात प्रथिन राहत नाही, त्यामुळे फोडणीचं भय नको. सोयावडीही सोडायची गरज नाही. ती दुपारी खावी, आणि आज भरपूर, महिनाभर काहीच नाही, असं करू नये.

पहाटे शेताची घाई असणाऱ्यांना रात्रीचा पर्याय आहे. नेदरलँड्समध्ये ९० रुग्णांवर झालेल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात झोपताना घेतलेली गोळी सकाळच्यापेक्षा चांगली लागू पडली. जेवणानंतर तीन तास मात्र गेलेले हवेत. अर्थात मग लोहाची आणि रात्रीच्या जेवणासोबतची कॅल्शियमची गोळी दिवसा, एकमेकींपासून लांब, घ्यावी लागेल.

बाळंतपणानंतरही लाल गोळ्या सहा महिने चालतात. ज्या बाईने त्या थायरॉइडच्या गोळीसोबतच घेतल्या आणि त्यापायी जिचा डोस वाढवला गेला, तिची लोहाची गोळी बंद झाली की थायरॉइडची गोळी एकाएकी जास्त लागू पडते. छाती धडधडते, झोप उडते, वजन उतरतं. घरचे म्हणतात, लेकराच्या जागरणाने झालं. म्हणून लोह बंद झाल्यापासून सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासून घ्यावा, आणि जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाकावीत.