नर्सिंगला प्रवेश मिळाला? वर्ग सुरू होण्याआधी ही लस घ्या
मुलीला किंवा मुलाला नर्सिंगला प्रवेश मिळाला की गणवेश, पुस्तकं, हॉस्टेल यांची धावपळ सुरू होते. लस मात्र राहून जाते. वॉर्डमध्ये वापरलेली सुई टोचली, तर रुग्णाच्या रक्तातून हिपॅटायटीस बी ही कावीळ होऊ शकते. तिच्या लसीचे ३ डोस असतात : पहिला आज, दुसरा १ महिन्याने, तिसरा पहिल्यापासून ६ महिन्यांनी. म्हणून आत्ताच सुरुवात करा. लहानपणी लस दिली असेल, तर लसीकरण कार्ड डॉक्टरांना दाखवा. शेवटच्या डोसनंतर १ ते २ महिन्यांनी रक्ताची अँटी-एचबीएस तपासणी करा. आकडा १० किंवा जास्त आला, तर संरक्षण मिळालं. तरीही सुई टोचली, तर जखम पिळू नका. साबण-पाण्याने धुवा आणि लगेच वॉर्डच्या सिस्टरना सांगा. घाबरून लपवू नका.