झेडपीची शाळा की खाजगी? प्रवेशाआधी काही गैरसमज

मूल पाच-साडेपाच वर्षांचं झालं की घरात शाळेचा विषय निघतो आणि बहुतेक वेळा तो एका वाक्यावर येऊन थांबतो: ‘खाजगीतच घालू, तिथं मुलं जास्त शिकतात.’ कर्ज काढून फी भरणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. म्हणून हे वाक्य आधी तपासायला हवं.

खाजगी शाळांतल्या मुलांचे गुण सरासरीने जास्त असतात, हे खरं. पण त्या मुलांचे आईवडील बहुधा जास्त शिकलेले असतात, घरी पुस्तकं असतात, शिकवणी असते. मग श्रेय शाळेचं किती आणि घराचं किती? याचं उत्तर शोधायला २००८ पासून अविभाजित आंध्र प्रदेशाच्या खेड्यांत एक मोठा प्रयोग झाला. खाजगी शाळेत जाऊ इच्छिणाऱ्या सरकारी शाळेतल्या मुलांमधून सोडत काढली आणि नाव निघालेल्यांची फी भरली गेली. अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी चार वर्षांनी दोन्ही गटांची परीक्षा घेतली. तेलुगू आणि गणितात फरक आढळला नाही. हिंदीत मात्र खाजगीतली मुलं पुढे होती, कारण तिथं हिंदीला तास होते. त्या खाजगी शाळा तेलुगू आणि गणिताला कमी वेळ देत होत्या, आणि दर मुलामागे त्यांचा खर्च सरकारी शाळेच्या एक तृतीयांशाहून कमी होता, हेही सांगायला हवं. निष्कर्ष तिथल्या खेड्यांचा आहे, महाराष्ट्राला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण केवळ शाळा बदलल्याने मूल हुशार होतं, हा भरवसा त्यातून डळमळतो.

‘झेडपीचे गुरुजी शिकवत नाहीत’ हा दुसरा समज. शिक्षकाची किमान पात्रता शिक्षण हक्क कायद्याने दोन्हीकडे सारखीच ठरवली आहे. जागतिक शिक्षक पुरस्कार २०२० साली मिळवणारे रणजितसिंह डिसले माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवत होते. झेडपीची खरी अडचण वेगळी आहे. पट कमी असलेल्या द्विशिक्षकी शाळेत दोघांना चार-पाच इयत्ता एकत्र सांभाळाव्या लागतात, वर निवडणुकीची आणि जनगणनेची कामं. तेव्हा शाळेत गेलात तर आधी विचारा: इयत्ता किती, शिक्षक किती?

इंग्रजीसाठी खाजगी शाळाच हवी असंही नाही. अनेक झेडपी शाळांत सेमी इंग्रजी आहे. उलट घरात इंग्रजीचा शब्द नाही आणि वर्गातल्या बाईंनाही ती बेताची येते, अशा स्वस्त ‘इंग्लिश मीडियम’ शाळेत मूल उत्तरं घोकतं, अर्थ मात्र कळत नाही. तिसरीच्या मुलाला न वाचलेला परिच्छेद वाचायला देऊन मराठीत सांगायला लावा, शाळा कळेल.

फलकावर ‘सीबीएसई पॅटर्न’ लिहिलं म्हणजे शाळा सीबीएसईशी संलग्न आहे असं नव्हे. संलग्नता क्रमांक मागा आणि मंडळाच्या संकेतस्थळावर पडताळा.

खाजगी म्हणजे सरकारी पैसा नाही, हेही चूक. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली सुरू केलेल्या रयत शिक्षण संस्थेसारख्या संस्थांच्या अनुदानित शाळांतले पगार सरकार देतं. गावोगावच्या कितीतरी माध्यमिक शाळा अशाच आहेत.

गरिबाला मोठ्या खाजगी शाळेचं दार बंद, असंही मानलं जातं. विनाअनुदानित शाळांत प्रवेशस्तरावरच्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांसाठी असतात. अल्पसंख्याक शाळांना हा नियम लागू नाही. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला यातून सूट देणारा राज्याचा बदल मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये रद्द केला. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची मुलाखत घेणं बेकायदा आहे. पहिल्या वेळी २५ हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

आणि ‘झेडपीत आपलं कोण ऐकतं?’ तिथल्या शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण निम्म्या महिला. विनाअनुदानित शाळेत ही समिती बंधनकारक नाही, पण पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीला फी ठरवताना अधिकार आहे. शाळा पाहायला जाल तेव्हा तिथल्या समितीची शेवटची बैठक कधी झाली ते विचारा, आणि इतिवृत्त दाखवायला सांगा.