मार्ग आणि आरोग्य यांचा जमाखर्च

पाडव्यास नव्या वह्यांचे पूजन करताना प्रत्येक व्यापारी मनोमन एक निश्चय करितो: जमेइतक्याच काळजीने नावेची बाजूही लिहू. नगराचे रस्ते आखताना मात्र हा नियम विसरला जातो, असे आम्हांस नम्रपणे वाटते. डांबर, सिमेंट व जागेची भरपाई यांच्या रकमा वहीत चढतात; परंतु त्या रस्त्यामुळे किती जणांच्या छातीत धूर गेला, किती घरांची झोप मोडली, हे कोणत्याच खात्यावर पडत नाही.

इंदूरास हा विचार नवा नव्हे. श्रीमंत तिसरे तुकोजीराव होळकर यांच्या कारकीर्दीत स्कॉटलंडचे नगररचनाकार पॅट्रिक गेडिस येथे आले, तेव्हा शहर प्लेगने गांजले होते. त्यांनी दिवाळीत भव्य मिरवणूक योजिली आणि जाहीर केले की, जेथील घरे सर्वांत अधिक स्वच्छ व दुरुस्त असतील, त्याच मार्गाने ती जाईल. मार्ग ठरविण्याची कसोटी आरोग्य ही झाली! १९१८ च्या त्यांच्या अहवालातही, जुनी वस्ती सरसकट पाडून रुंद रस्ते काढण्यापेक्षा मोजक्या जागा मोकळ्या करून हवा व उजेड आणावा, असाच आग्रह होता.

त्यानंतर शतक लोटले. निरंजनपूर ते राजीव गांधी चौक हा बसगाड्यांचा सुमारे ११.५ किलोमीटरचा स्वतंत्र मार्ग २०१३ मध्ये सुरू झाला. २०२५ मध्ये तो हटविण्यास उच्च न्यायालयाची अनुमती मिळाली. त्याच वर्षी ३१ मे रोजी मेट्रोचा पहिला टप्पा खुला झाला. यांतील काय योग्य, या वादात आम्ही शिरत नाही. आमचा प्रश्न एवढाच, की अशा प्रत्येक निर्णयापूर्वी आरोग्याची बाजू मांडली जाते काय?

ती मांडण्याची रीत जगात रूढ आहे. योजना कागदावर असतानाच तिचा परिणाम कोणावर होईल हे पाहावयाचे, धूर, गोंगाट, अपघात व पायी चालण्याची सोय यांचा अंदाज घ्यावयाचा, रहिवाशांचे ऐकावयाचे, पर्याय ताडून पाहावयाचे, आणि काम झाल्यावर पुन्हा मोजावयाचे. यात जमाही असते: बसने जाणारा मनुष्य थांब्यापर्यंत चालतो, ही त्याच्या हृदयाची कमाईच होय. नावेची बाजू मात्र जड आहे. २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर दगावली. हवेतील अतिसूक्ष्म धूलिकणांची वार्षिक मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये घनमीटरास ५ मायक्रोग्रॅम ठरविली. आपल्या देशाचे प्रमाण ४० आहे.

वाहने अडली तर गिऱ्हाईक तुटेल, ही आपणां व्यापाऱ्यांची भीती खोटी नाही. परंतु सियागंजातील हमाल, सराफ्यातील गादीवर बसलेले आपले वडील आणि दुकानात उभा असलेला आपला मुलगा हे दिवसभर तोच धूर घेतात. चातुर्मासानंतर विहारास निघालेले साधु-साध्वी त्याच रस्त्याच्या कडेने चालतात. पाऊल टाकण्यापूर्वी भूमी न्याहाळावी, ही ईर्यासमितीची शिकवण आपल्या घरोघरी परिचित आहे. रस्ता आखणाऱ्या नगरानेही ती आचरावी.

म्हणून आमची विनंती अशी, की यापुढे कोणत्याही मार्गयोजनेवर हरकती व सूचना मागविल्या जातील, तेव्हा सभासदबंधूंनी भरपाईच्या प्रश्नासोबतच आरोग्याचा हिशेबही मागावा. जो हिशेब आज मागितला जात नाही, तो उद्या औषधांच्या दुकानात चुकता करावा लागतो.