परक्या घराचा सराव

सकाळी सहाला कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर गेलं की एक गोष्ट नजरेत भरते. बायका फेरी मारतात आणि घराकडं वळतात. पुरुष फेरी संपली तरी कठड्यावर बसून राहतात, अगदी ऊन चढेपर्यंत. आमच्या गल्लीतल्या एका मामांना मी एकदा विचारलं, "मामा, घरी नाही जायचं?" पाण्याकडं बघतच म्हणाले, "जाऊन काय करू? तितं माझं काय काम हाय?"

मामा शाहू मिलमध्ये होते. १९०६ साली शाहू महाराजांनी पाया घातलेली ही गिरणी २००३ मध्ये बंद पडली, तेव्हा मामा पंचेचाळिशीत होते. पुढं कुठं वॉचमनकी केली, कुठं दुकानात बसले. आता तेही नाही. मिलच्या भोंग्यावर उठलेला, जेवलेला, झोपलेला हा माणूस आता दिवसाचे सगळे तास घरात असतो, आणि त्या घराची त्याला ओळखच नाही. डाळीचा डबा कोणता, नातीची शाळा कितीला सुटते, दुपारी दोन ते चार घरात काय चालतं, हे त्यानं कधी पाहिलेलंच नाही.

मामींचं दुखणं वेगळं आहे. त्यांचं घर त्यांच्या हातून एका दिवसात गेलं नाही. ते कणाकणानं गेलं. कोल्हापुरात वर्षाची चटणी हा घरातला मोठा निर्णय असतो. ब्याडगी किती, संकेश्वरी किती, लसूण किती, डंकावर कधी न्यायचं, हे तीस उन्हाळे मामींनी ठरवलं. एका वर्षी सुनेनं मिरच्या आणून, कांडून, बरणीत भरूनही टाकल्या. चटणी चांगलीच झाली होती, हे मामी स्वतः सांगतात. "पर मला कुणी इचारलं न्हाई," एवढंच पुढं म्हणतात. सुनेचाही यात दोष नाही. नोकरी सांभाळून तिनं रविवार साधला होता.

परकेपणा म्हणजे नुसता एकटेपणा नव्हे. मेल्विन सीमन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९५९ मध्ये त्याच्या पाच छटा सांगितल्या: हतबलता, जगण्याला अर्थ न उरणं, रीतिनियमांवरचा विश्वास उडणं, इतरांपासून तुटणं आणि स्वतःपासूनच दुरावणं. भरल्या घरातही यातली कुठलीही छटा माणसाला गाठू शकते. मामांना अर्थ सापडत नाही, मामींच्या हातातून सत्ता गेलेली आहे. एकाच छपराखाली दोघं वेगवेगळ्या तऱ्हेनं परके झालेत.

मला यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. आपल्याकडं मुलीला जन्मापासून 'परक्याचं धन' म्हणतात. अठरा-वीस वर्षांची झाली की ती अनोळखी घरात जाते आणि ते घर आपलंसं करायला शिकते. परक्या घराचा सराव तिला तरुणपणीच होतो. पुरुषावर ती वेळ साठीनंतर पहिल्यांदा येते, आणि तेव्हा शिकायची उमेद कमी झालेली असते. पण सराव आहे म्हणून बाईला दुखत नाही, असा अर्थ काढणं मोठी चूक ठरेल. देशभरातल्या सत्तर हजारांहून अधिक प्रौढ आणि वृद्धांच्या २०१७-१८ च्या 'लासी' पाहणीत नैराश्याचं प्रमाण वृद्ध स्त्रियांमध्ये जास्त आढळलं. उलट वृद्धांच्या आत्महत्यांमध्ये जगभर पुरुष पुष्कळ पुढं आहेत. बाई निदान बहिणीपाशी, भजनी मंडळात, भाजी निवडताना बोलते. पुरुष कठड्यावर बसून राजकारण बोलतो, ऊसदर बोलतो, स्वतःबद्दल बोलत नाही. कठड्यावर गप्पा मारणाऱ्या माणसाला काही होत असेल, अशी शंका घरच्यांनाही येत नाही.

आणि मग वैधव्य. २०११ च्या जनगणनेत साठीपुढच्या पुरुषांपैकी सुमारे ८२ टक्के विवाहित होते, स्त्रियांपैकी निम्म्याच्या आसपास. नवरा वयानं मोठा, बाईचं आयुष्य जास्त, आणि पुनर्विवाह बहुतेक पुरुषांचेच, त्यामुळं हे अंतर पडतं. बायको गेलेला पुरुष घरात पोरका होतो, पण गावात त्याचा मान कमी होत नाही. विधवेला मात्र समाज रीतसर बाजूला बसवतो. बारशात ती मागं, हळदीकुंकवात नाहीच. नातवाच्या लग्नात ओवाळायला तिचा हात चालत नाही. ज्या कोल्हापूर संस्थानानं १९१७ मध्ये विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला, त्याच मातीत हे शंभर वर्षं टिकलं.

म्हणून शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडचा ठराव मला फार मोलाचा वाटतो. कोरोनानं अनेक घरांतले कर्ते पुरुष नेले. त्यानंतर मे २०२२ मध्ये या गावच्या ग्रामसभेनं ठरवलं की पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं हे प्रकार बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. ठरावानं मन लगेच बदलत नाही. सत्तरीची बाई पुन्हा कुंकू लावताना कचरते, कारण ती रीत तिच्या अंगात मुरलेली आहे. पण बाजूला बसवणारा समाजच 'पुढं ये' म्हणतो, तेव्हा परकेपणाचं मूळच हलतं.

कायद्याचा आधारही दोघांना सारखा पोचत नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणाकडं निर्वाह भत्ता मागता येतो. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, मुलं सांभाळत नसतील तर परतही मिळवता येते. पण सातबारावर नाव बहुधा पुरुषाचं. जिच्या नावावर काहीच नव्हतं, ती परत काय मागणार? आणि पोटच्या पोराविरुद्ध अर्ज करायला ती सहसा धजतही नाही.

मामींना एकदा मी विचारलं, सगळ्यात काळजी कशाची वाटते. मला वाटलं होतं, दुखण्याखुपण्याची सांगतील. म्हणाल्या, "मी गेल्यावर ह्यांचं कसं हुणार? साखरंचा डबा कुटं हाय, त्येबी ठावं न्हाई."

मामांनी ते बहुतेक ऐकलं असावं. गेल्या श्रावणापासून दुपारचा चहा ते करतात. साखर जरा जास्त पडते, मामी ती गोड मानून घेतात, आणि चारच्या सुमाराला दोघं उंबऱ्यावर कप घेऊन बसलेली दिसतात.