तुरुंगातून सुटलेल्याचे कथन आणि एकपात्री रंगमंच

११ जानेवारी २०१९ रोजी यवतमाळ येथे ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन वैशाली येडे यांनी केले. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची ही पत्नी कळंब तालुक्यातील राजूरची, आणि 'तेरवं' या नाटकात काम करणारी. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या व हरीश इथापे यांनी बसविलेल्या या नाटकात शेतकऱ्यांच्या विधवाच रंगमंचावर उभ्या राहिल्या. जिच्याविषयी इतरांनीच बोलावे असा रिवाज होता, ती स्वतः बोलू लागली. हाच हक्क तुरुंगातून सुटून आलेल्या माणसाला आहे की नाही, हा येथे प्रश्न आहे.

या माणसाची कहाणी नेहमी दुसऱ्यानेच लिहिलेली असते. फिर्याद, पंचनामा, आरोपपत्र, निकाल, यांपैकी एकही कागद त्याच्या भाषेत नसतो. पोलिसांनी तपासात लिहून घेतलेल्या जबानीवर सांगणाऱ्याची सही घ्यायची नाही, असा कायदा आहे. ही तरतूद त्याच्या संरक्षणासाठी आहे हे खरे. पण शब्द लिहिणाऱ्याचेच उरतात. पुराव्याच्या शेवटी न्यायाधीश त्याला प्रश्न विचारतात, तेव्हा 'खोटे आहे', 'माहीत नाही' एवढ्यावरच बहुधा त्याचे बोलणे आटोपते. २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत शंभरांपैकी सुमारे ७६ माणसे कच्चे कैदी होती. म्हणजे ज्यांचा गुन्हा शाबीत झालेला नाही, अशांचीच संख्या मोठी.

त्यात जातीचा हिशेब वेगळा. १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरविल्या. तो कायदा १९५२ साली गेला, तरी चोरी झाली की पोलीस आधी पारध्यांच्या बेड्यावर जातात. तुरुंगात झाडूकाम कोणी करायचे आणि स्वयंपाक कोणी, हेही जातीवरून ठरे. असे नियम घटनाबाह्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सांगितले, आणि कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढण्याचा आदेश दिला. रकाना कागदावरून जाईल. तो अंगावर कसा वागविला, हे ज्याने भोगले तोच सांगू शकेल.

एकपात्री प्रयोग त्याला सोयीचा का? मराठी प्रेक्षकाला हा प्रकार परका नाही. राम नगरकरांनी 'रामनगरी'त न्हाव्याच्या घरातले आपले जगणे एकट्याने उभे केले. येथे नेपथ्य लागत नाही. समाजमंदिर, शाळेची खोली, घोंगडी आणि ताटली पुरते. एकच माणूस जमादार होतो, वकील होतो, मुलाखतीला आलेली आई होतो, आणि पुन्हा स्वतः होतो. ज्यांनी त्याच्या वतीने बोलायचे ते सगळे आता त्याच्या तोंडून बोलतात. दलित आत्मकथनाने जे कागदावर केले, तेच हे देहाने करणे होय.

जगातही याचे दाखले आहेत. अमेरिकेतील सॅन क्वेंटिनचा जन्मठेपेचा कैदी रिक क्लची याने तुरुंगातच 'द केज' हे नाटक लिहिले. तो १९६६ साली सुटला, आणि १९७७ साली बर्लिनमध्ये खुद्द सॅम्युएल बेकेटने त्याला 'क्रॅप्स लास्ट टेप' या एकपात्री नाटकात उभे केले. आपल्याकडे, पश्चिम बंगालमध्ये १९९८ साली पोलीस कोठडीत मेलेल्या बुधन शबरवरील नाटक त्याच वर्षी अहमदाबादच्या छारानगरातील तरुणांनी केले. तेही 'जन्मजात गुन्हेगार' ठरविलेल्या जमातीचेच.

मात्र कार्यकर्त्यांनी काही पथ्ये पाळावीत. खटला किंवा अपील चालू असेल तर आधी वकिलाला विचारावे, कारण चारचौघांत दिलेली कबुली पुरावा म्हणून पुढे येऊ शकते. सहकैद्यांची नावे घेऊ नयेत. ज्याच्यावर अन्याय झाला त्या फिर्यादीच्या दुःखाचाही विसर पडू नये. आणि काय गाळायचे, हे सांगणाऱ्यानेच ठरवावे. 'मारहाणीचा प्रसंग वाढवा, लोक रडतील' असे सुचविणारा दिग्दर्शक पोलिसाचेच काम करीत असतो: जबानी दुसऱ्याची, शब्द आपले.

प्रयोग संपल्यावर त्याला कोणी 'तू खरेच केले होतेस का?' असे विचारील. उत्तर द्यायचे की नाही, हा निर्णयही त्याचाच. तुरुंगात त्याला तेवढी मुभा नव्हती.