अंगणातली विटांची शेगडी



बांगडा, कोंबडी, मक्याची कणसे किंवा रताळी निखाऱ्यावर भाजण्यासाठी अंगणात विटांची शेगडी कशी बांधावी, ते या लेखात सांगतो. हल्ली तिला बार्बेक्यू म्हणतात. गवंडी न बोलावता घरची दोन माणसे एका दिवसात ती उभी करू शकतात. मी स्वतः दोन बांधल्या आहेत. तिला लागणारी वीट कोण घडवते, तेही शेवटी लिहिले आहे, कारण ज्या कुटुंबांसाठी आपण काम करतो त्यांच्याशी या विटेचा थेट संबंध आहे.

जागा

शेगडी नेहमी उघड्यावर बांधावी. कुडाची भिंत, गवताचे छप्पर, वाळकी झाडे यांपासून ती लांब असावी. बंद व्हरांडा किंवा गॅलरी चालणार नाही. कोळशाच्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. थंडीत निखारे घरात घेऊन दारे-खिडक्या लावून झोपलेली माणसे या वायूमुळे दगावतात. म्हणून विझत आलेले निखारेसुद्धा घरात नेऊ नयेत.

वीट

भट्टीत भाजलेली लाल मातीची वीट घ्यावी. सिमेंटचे ब्लॉक किंवा राखेच्या विटा आगीजवळ वापरू नयेत. दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज यायला हवा आणि नखाने ओरखडा उठता कामा नये. पिवळट वीट कच्ची असते. काळपट, वेडीवाकडी झालेली ती खंगर. दोन्ही बाजूला ठेवाव्यात. जुन्या घराच्या चांगल्या विटा मिळाल्या तर उत्तमच.

९ इंच लांब, साडेचार इंच रुंद आणि ३ इंच जाड अशा ७५ विटा पुरतात. त्यांपैकी १५ तळाला, ५६ भिंतींना आणि उरलेल्या फुटतुटीसाठी.

बांधणी

जमीन ठोकून सपाट करावी. तिच्यावर रेतीचा पातळ थर पसरून १५ विटा शेजारी शेजारी अंथराव्यात, म्हणजे सुमारे २७ इंच रुंद आणि साडेबावीस इंच खोल असा तळ तयार होतो. त्याच्या कडेने तीन बाजूंना भिंत येते आणि समोरची बाजू मोकळी राहते.

पहिल्या थरात मागे ३ विटा आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन, अशा ७ विटा लागतात. दुसऱ्या थरात बाजूच्या भिंती मागच्या कडेपर्यंत न्याव्यात. प्रत्येक बाजूला अडीच विटा बसतात आणि अर्धी वीट पुढच्या टोकाला येते. त्यांच्या मध्ये मागे २ विटा. याही थराला ७ विटाच लागतात. असे थर आलटून पालटून लावले की सांध्यावर सांधा येत नाही आणि भिंत बळकट होते.

सांध्यांना सिमेंट नको, ते तापून तडकते. चिकणमातीत थोडी बारीक रेती आणि भाताचे तूस मिसळून गारा करावा. वीट पाण्यात बुडवून घ्यावी आणि अर्ध्या इंचाचा सांधा ठेवावा.

पाच थर झाले की भिंतींवर आडव्या लोखंडी सळया ठेवाव्यात. त्यांच्यावर भोके पाडलेला जाड लोखंडी पत्रा टाकावा. हा कोळशाचा माळा. भोकांतून हवा वर येते आणि राख खाली पडते. पत्र्याला जस्ताचा मुलामा नसावा, तापल्यावर त्याचा धूर बाधतो. आणखी दोन थरांनंतर पुन्हा सळया बसवाव्यात, त्यांच्यावर भाजायची जाळी येईल. आठवा थर वाऱ्याला आडोसा देतो.

शेगडी आठ-दहा दिवस सुकू द्यावी. पहिला जाळ अगदी लहान करावा, नाहीतर आतल्या ओलीची वाफ होऊन भेगा पडतात. भाजताना ज्वाळा बसून निखाऱ्यांवर पांढरी राख धरेपर्यंत थांबावे. जवळ पाण्याची बादली ठेवावी आणि मुलांना लांब ठेवावे.

वीट घडवणारे हात

विटेच्या खाचेत भट्टीमालकाची अक्षरे असतात. ती पाडणाऱ्याचे नाव कुठेच नसते. रायगड, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांत हे काम पुष्कळदा कातकरी कुटुंबे करतात. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा मालकाकडून उचल घेतली जाते. दिवाळीनंतर सगळे घर भट्टीवर जाते आणि पावसाच्या तोंडावर परतते. मजुरी हजार विटांमागे ठरते. त्यातून उचल आणि दर आठवड्याची खर्ची वजा होते. हंगाम संपताना काही कुटुंबांच्या डोक्यावर कर्जच उरते आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच भट्टीवर जावे लागते. कर्जापोटी असे राबवून घेणे १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे. त्या कायद्याने असे कर्जही रद्द होते आणि अंमलबजावणीची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर आहे.

आईबापांबरोबर मुलेही जातात आणि गावातली शाळा सुटते. भट्टीवर कच्च्या विटांच्या झोपडीला भोंगा म्हणतात. अशा मुलांसाठी विधायक संसद या संस्थेने ठाणे जिल्ह्यात भोंगाशाळा चालवल्या. आता २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ६ ते १४ वर्षांच्या मुलाला भट्टीजवळच्या शाळेत प्रवेश मिळायलाच हवा. शाळा सोडल्याचा दाखला नाही, या कारणाने त्याला अडवता येत नाही.

आपल्यापैकी अनेकांच्या गावाजवळ वीटभट्टी आहे. विटा आणायला स्वतः जा. तिथे शाळेच्या वेळेत मुले दिसली तर त्यांच्या आईवडिलांशी बोला आणि जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना सांगा. भट्टी सुरू होते दिवाळीनंतर, तेव्हा ही चौकशी नाताळापूर्वी झाली तर मुलाचे अर्धे वर्ष तरी वाचेल.